विद्याक्काची शिकवणी

"कीर्तने म्हणजे कुठले कीर्तने?" विद्याक्काने दाराची साखळी न काढताच विचारलं.

"आम्ही इथलेच हो, बेंगळुरूचे. अरविंद कीर्तने माझे आबा," बाहेरची मुलगी म्हणाली. "तुम्ही ओळखता ना त्यांना? एकाच बँडमध्ये होता तुम्ही!"

ओळखता ना! सत्तेचाळीस वर्षं ज्या माणसाला विद्याक्काने रोज सकाळी दात घासताना मनातल्या मनात शिव्या मोजल्या, त्याला ती ओळखत होती. तिने साखळी काढली, दार सताड उघडलं आणि म्हणाली, "ये. चपला बाहेर काढ."

विद्याक्काचा आवाज कसा आहे, हे आधी सांगितलेलं बरं. जुन्या स्टोव्हला पिन मारताना येतो, तसला. बसवनगुडीच्या त्या गल्लीतली पोरं तिच्या मागे तिला घोगरी अज्जी म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. बाजारात तिला भाव विचारायचा तर बोटं दाखवावी लागत. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं मायक्रोमीटर धरून सुटे भाग मोजले, ते काही आवड होती म्हणून नव्हे. तिथे यंत्रांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू जात नसे. सगळेच खुणेने बोलत. तेवढ्या एका जागी ती चारचौघांसारखी होती.

मुलीचं नाव देवश्री. वय पंचवीस. दिवसा आयटी कंपनीत कोड लिहायची आणि शनिवार-रविवार क्लबांमधून गायची. आबांच्या कपाटात तिला एक जुनी कॅसेट सापडली होती. वर शाईने लिहिलेलं, 'रेड ऑक्साइड, १९७७, विद्या'.

"बाई, ॲक्च्युअली, मी ती ऐकली आणि तीन दिवस ऑफिसलाच गेले नाही," ती म्हणाली. "मराठीत सोल! सेव्हन्टी-सेव्हनमध्ये! हे लोकांना माहीतच नाहीये. मला ही गाणी परत आणायचीयेत. सेम तशी. तुमच्यासारखी. शिकवाल मला? आणि प्लीज, आबांना सांगू नका हं. त्यांना सरप्राइज द्यायचंय."

विद्याक्का आत गेली, डिकॉक्शन गाळलं, दोन पेल्यांत कॉफी ओतली. आयतं वाढलेलं पान समोर आलं होतं, आणि वाढणारी स्वतःच म्हणत होती, घरी कळू देऊ नका.

"सकाळी सातला येत जा," ती बाहेर येऊन म्हणाली. "ऑफिसच्या आधी. मी सांगेन ते ऐकायचं. उलट विचारायचं नाही."

"चालेल बाई," देवश्री म्हणाली आणि तिथेच वाकून पाया पडली.

सत्त्याहत्तर साली विद्या बावीस वर्षांची होती आणि तिचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याने हातातला चमचा खाली ठेवावा. कॅन्टोन्मेंटातल्या एका हॉटेलात दर शनिवारी 'रेड ऑक्साइड' हा बँड वाजायचा. सरकारी कारखान्यातले चार तरुण इंजिनिअर आणि पाचवी ती. नाव अरविंदने ठेवलेलं, घरोघरच्या लाल फरशीवरून. गिटारही त्याची आणि हुकूमही त्याचाच. गायचे ते सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, चर्चमध्ये जन्मलेलं आणि बारमध्ये वाढलेलं. देवाला मारायची ती हाक माणसाला मारायची, की झालं सोल. मराठी घरातली मुलगी असलं काही गाते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि तेच नातेवाईक फुकटचे पास मागायला पुढे. विद्याने पुढे मराठीतही तसली गाणी केली. सात गाणी. शब्द तिचे, चाली तिच्या.

त्या वर्षी नाताळपासून एकतीस डिसेंबरपर्यंत रोज कार्यक्रम होता. तिसऱ्या दिवशी तिचा घसा सुजला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. अरविंद घरी आला, तिच्या आईच्या हातचे पोहे दोनदा घेऊन खाल्ले आणि म्हणाला, "विद्या, चारच दिवस. एकतीसला मुंबईचे रेकॉर्डवाले येतायत. आत्ता थांबलीस तर पुन्हा कोण बोलावतंय?" संध्याकाळी तोच एका कंपाउंडरला घेऊन आला. सुई टोचली, सूज उतरली, दुखणं थांबलं, आणि आपण फाटतोय हे घशाला कळेनासंच झालं. एकतीस तारखेला, तिसऱ्या गाण्यात, वरच्या सुरावर आत काहीतरी सुटलं. उसवल्यासारखं. त्या दिवसानंतर तो आवाज पुन्हा आला नाही.

रेकॉर्ड निघाली. सातही गाणी दुसरीच कुणीतरी गायली. अरविंद पुन्हा विद्याच्या घराकडे फिरकला नाही. तेव्हा आला असता, नुसता दारात मान खाली घालून उभा राहिला असता, तरी तिने माफ केलं असतं. बावीसचं वय होतं, मन मऊ होतं. तो आला नाही. पुढे मराठी मंडळाच्या गणपतीत दोनदा समोर आला. आरतीच्या गलक्यात "काय विद्या, बरी आहेस ना?" असं मोठ्याने विचारून प्रसाद घ्यायला पुढे गेला. त्या गलक्यात तिचं उत्तर तिलाही ऐकू गेलं नसतं.

एक गोष्ट मात्र तिने त्याच्या नावावर कधी पक्की टाकली नव्हती. तो तिच्या उजव्या हाताला, चार फुटांवर गिटार वाजवत होता. आवाज फाटत चाललाय, हे त्याला ऐकू येत होतं का? की वाद्यांच्या आवाजात कळलंच नाही? हा संशयाचा फायदा ती त्याला अधूनमधून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत काढून घ्यायची.

तर देवश्री येऊ लागली. सातच्या ठोक्याला दार वाजायचं. मुलीचा गळा स्वच्छ होता, गोड होता, सुगम संगीताच्या क्लासातून घासूनपुसून आलेला. तिला हवी होती ती सोलची खरखर, सुराला धरून येणारा तो रडका काठ. ती खरखर कशी काढायची, हे विद्याक्काला पक्कं माहीत होतं. कॅन्टोन्मेंटच्या चर्चमधल्या मिसेस पिंटोंनी तिला वर्षभर घोटून शिकवलं होतं. जबडा सैल, खांदे सैल, श्वास पोटातून, आणि खरखर घशाच्या वरच्यावर, दुधावरची साय काढावी इतकी हलकी. आणि जड गाणं गायल्यावर दुसरा दिवस मौनाचा. हे नियम पाळणारा गळा सत्तरीतही गातो.

विद्याक्काने यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

"गळा आवळ," ती म्हणाली. "मूठ आवळतो तसा. आणि मग त्यातून सूर ढकल."

देवश्रीने आवळला. खोकला आला.

"बाई, दुखतं."

"दुखणारच. दुखल्याशिवाय सोल होत नाही."

हे वाक्य विद्याक्काने तिथल्या तिथे रचलं होतं, आणि इतकं झकास जमलं की तिलाच हसू आलं. महिन्याभरात देवश्रीने ते फोनवर टाकलं. 'माझ्या बाई म्हणतात, दुखल्याशिवाय सोल होत नाही.' हजारो लोकांनी त्याला बदाम दिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे विद्याक्काला आता हाताने करून कळत होतं. आणि काम सोपं होतं, कारण जिचा गळा तिनेच मान पुढे केली होती. गुरूने सांगितलं ते करायचं, शंका काढली तर विद्या चढत नाही, हे आपल्याकडच्या पोरांना बारशापासून पाजलेलं. कंपनीत साहेबाला दहा प्रश्न विचारणारी ही मुलगी विद्याक्काच्या चटईवर बसली की पहिलीतली व्हायची.

आणि गंमत अशी की ती वर चढत गेली. सहा महिन्यांत खरखर बसली. पहिलं गाणं तिने इंटरनेटवर टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला पुण्यामुंबईच्या लोकांनी डोक्यावर घेतलं. विशी-पंचविशीची पोरं लिहीत, हा आवाज ऐकून रडू येतं. कोरमंगलाच्या क्लबात तिला रांगा लागू लागल्या. आबा इंटरनेटच्या वाटेला जात नसत, म्हणून घरी गुपित टिकलं. ज्या चुकीने ती संपणार होती त्याच चुकीवर लोक टाळ्या वाजवत होते. विद्याक्का घरात बसून फोनवर ते आकडे बघायची आणि वाढू द्यायची. अरविंदला काय गमवायचंय ते पुरतं मोठं व्हायला हवं होतं. भोपळा कोवळा असताना तोडण्यात अर्थ नसतो.

गुरुपौर्णिमेला देवश्री नारळ, शाल आणि हत्तीच्या सोंडेएवढा मोगऱ्याचा हार घेऊन आली. खालच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मीला बोलावलं, तिच्याकडून फोटो काढून घेतले. राजलक्ष्मी मंड्याकडची, मराठी शेजारात राहून मराठी शिकलेली. जाता जाता ती विद्याक्काला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, त्या मुलीचा घसा बसल्यासारखा वाटतो की हो. स्वल्प ज्येष्ठमध द्या ना तिला."

"सरी, बरं, देते," विद्याक्का म्हणाली. दिलं नाही.

पण एक व्हायला नको ते झालं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वर्षी केव्हातरी विद्याक्काच्या लक्षात आलं की ती पावणेसातपासूनच दाराकडे बघत बसते. मुलगी जे गायची ते तिचं होतं. शब्द उच्चारायची ढब, ओळीच्या शेवटी सूर सोडून द्यायची ती खोड, 'ये ना' म्हणताना अर्धी मात्रा उशिरा येणं. सत्तेचाळीस वर्षं घरात जे वाजलं नव्हतं ते पुन्हा वाजत होतं. एखाद्या सकाळी देवश्री आजारी असली की विद्याक्काला दिवसभर करमायचं नाही. मग ती स्वतःवरच चिडायची. दात घासताना अरविंदचं नाव घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला अर्धा तास जास्त गायला लावायची.

मार्चमध्ये तो दिवस ठरला. जयनगरच्या बाजूच्या एका नव्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी सहाला, देवश्रीचा पहिला मोठा कार्यक्रम. आठशे खुर्च्या, सगळ्या गेलेल्या. पहिल्या रांगेत आबा आणि बाई शेजारी शेजारी. सरप्राइज.

त्याच्या आधीच्या बुधवारी देवश्री आली ती कुजबुजतच.

"बाई, ईएनटीकडे गेले होते. त्यांनी स्कोप घालून बघितलं. व्होकल कॉर्ड सुजलीये, एक नस फुगलीये म्हणाले. फिफ्टीन डेज टोटल व्हॉइस रेस्ट, नाहीतर रक्त उतरेल. मग कदाचित कायमचं." तिचे डोळे भरले होते. "शो कॅन्सल करू? तुम्ही म्हणाल तसं करते."

तुम्ही म्हणाल तसं. विद्याक्का उठून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, त्यावर काहीच ठेवलं नाही, तशीच उभी राहिली. पंधरा दिवस! तेच पंधरा दिवस. डॉक्टर बदलले, यंत्रं आली, नळीतून कॅमेरे आत गेले, आणि आकडा तोच राहिला. एकदा तिला वाटलं, सांगावं. जा बाई घरी, तोंड मिटून बस, गाणं कुठे पळून जात नाही. हे वाक्य तिच्या आईने तेव्हा म्हटलं होतं आणि अरविंदने हसून उडवून लावलं होतं. ते हसणं तिला आठवलं. दोनदा घेतलेले पोहेही आठवले.

ती बाहेर आली. "चारच गाणी तर आहेत," ती म्हणाली. "आत्ता थांबलीस तर पुन्हा कोण बोलावतंय? सूज उतरायची सुई मिळते. शनिवारी घे ती. दुखायचं थांबेल."

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं, हे आपलं नव्हेच. शब्द न् शब्द अरविंदचे. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार बरं वाटलं.

"थँक यू बाई," देवश्रीने डोळे पुसले. "मला ना, कुणीतरी असं स्ट्राँगली सांगायला हवं होतं."

रविवारी विद्याक्काने इरकली नेसली आणि रिक्षाने साडेपाचलाच पोचली. अरविंद आधीच बसलेला होता. अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. हातात काठी, गुडघ्यांची ऑपरेशन्स झालेली, पण केस अजून तसेच मागे फिरवलेले. तिला बघून तो अर्धवट उठला.

"विद्या! अगं, तू इथे कशी? बरी आहेस ना?"

आज आरती नव्हती, गलका नव्हता. विद्याक्का शेजारी बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "नाही."

"काय म्हणालीस?" त्याने कान पुढे केला, तेवढ्यात दिवे गेले.

देवश्री गडद लाल साडीत मंचावर आली. ती म्हणाली, ही गाणी माझ्या बाईंची, आणि माझे आबा त्यांच्याबरोबर गिटार वाजवायचे. आज दोघं समोर आहेत. टाळ्या झाल्या. अरविंद तोंडावर हात ठेवून बघतच राहिला. पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला तो रडू लागला. चांगलं रडला, रुमाल काढून. "तुझं गाणं," तो तिच्याकडे झुकून म्हणाला. "विद्या, हुबेहूब तू." आपलं देणं कुणीतरी परस्पर फेडल्यासारखा मोकळा चेहरा झाला होता त्याचा. विद्याक्काला त्या चेहऱ्यावर थुंकावंसं वाटलं.

दुसऱ्या गाण्यात, अंतऱ्याच्या वरच्या सुराला, आवाजाच्या कडेने हवा सुटली. पाव सेकंद. आठशेतल्या सातशे अठ्ठ्याण्णवांना ती सोलची अदा वाटली. अरविंदचा रुमाल गालावरच थांबला. पुढच्या वरच्या सुराला पुन्हा तसंच झालं, थोडं जास्त. तो खुर्चीत ताठ झाला.

"विद्या," तो पुटपुटला. "तिचा आवाज जातोय."

"हो."

"नाही, तुला ऐकू येत नाहीये. वर गेली की हवा सुटतेय, खाली आली की जड होतेय. पुढच्या गाण्यात फाटेल. असंच तुझं…"

तो थांबला. उशीर झाला होता.

"म्हणजे तेव्हा ऐकू आलं होतं तुला," विद्याक्का म्हणाली.

मंचावर ड्रम वाजत होता. अरविंद नाही म्हणाला असता तर तिने कदाचित विश्वास ठेवला असता, इतकी वर्षं ती त्या एका नाहीची जागा राखून बसली होती. तो आपल्या काठीच्या मुठीकडे बघत राहिला. चार फुटांवर उभा होता, गिटार वाजवत होता, सगळं ऐकत होता, आणि पुढच्या गाण्याची सुरुवात त्यानेच केली होती.

"मी शिकवलंय तिला," विद्याक्का त्याच्या कानाशी लागून म्हणाली. एवढ्या जवळून तिचा आवाज पोचत होता. "दोन वर्षं. रोज सकाळी सात वाजता. मुद्दाम. डॉक्टर थांब म्हणाले बुधवारी, मी गा म्हटलं."

अरविंदने तिच्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाचं तोंड उघडं राहिलं की फार दीनवाणं दिसतं. दुसरं गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने तिचा हात धरला.

"थांबव तिला. माझं ऐकणार नाही ती, तुझं ऐकेल. विद्या, मी चुकलो. मी तुझ्या पाया पडतो." आणि तो खरंच वाकायला लागला, गुडघे वाकेनात, काठी खाली पडली, तरी वाकत होता. या एका दृश्यासाठी विद्याक्का जगली होती. आता ते समोर घडत होतं आणि ती ते डोळे भरून बघत होती.

"तिसरं गाणं," मंचावरून देवश्री म्हणाली. आवाज आधीच पातळ झाला होता. "हे सगळ्यात अवघड आहे. हे बाईंनी शेवटचं गायलं होतं. म्हणून त्यांची आज्ञा घेते, मग सुरू करते."

तिने माइक खाली धरला, हात जोडले आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. कुणीतरी प्रकाशाचा झोत विद्याक्कावर आणला. आठशे माणसं कौतुकाने वळली. आपल्याकडे असं असतं. कलाकार कितीही मोठा होवो, गुरू समोर असला की त्याची मान हलल्याशिवाय सूर लावत नाही. विद्याक्काने मान आडवी हलवली असती तर मुलगी तिथेच माइक ठेवून बाजूला झाली असती. विचारलंही नसतं का म्हणून.

अरविंदची बोटं तिच्या मनगटात रुतली होती. "विद्या," तो म्हणत होता, "लेकरू आहे गं ते. त्याने काय केलंय तुझं?"

काहीच नाही. काहीच केलं नव्हतं. बावीस वर्षांच्या विद्यानेही कुणाचं काही केलं नव्हतं.

विद्याक्काने मान उभी हलवली. हो. गा.

देवश्रीने गायला घेतलं. गाणं संथ होतं, एकेक पायरी वर चढणारं. सुईने दुखणं मारलं होतं म्हणून मुलगी बिनधास्त चढत होती, आणि पहिल्या कडव्यात तिचा आवाज असा काही लागला की विद्याक्का अरविंदला विसरली. हा आवाज देवश्रीचा नव्हता. हा तिचाच होता, बावीस वर्षांचा, कॅन्टोन्मेंटच्या हॉटेलातला, चमचे खाली ठेवायला लावणारा. कॅसेटमध्ये नव्हे, जिवंत, समोर. तो जगात आता फक्त या एका मुलीच्या गळ्यात उरला होता आणि तिथे तो विद्याक्कानेच नेऊन ठेवला होता. हे तिला आत्ता कळलं. आत्ताच कळायचं होतं. ती खुर्चीचा हात धरून उठली. "थांब," ती म्हणाली. "देवश्री, थांब. पुरे."

दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. देवश्रीने बाईंना उभं राहिलेलं पाहिलं, त्या उठून दाद देतायत असं तिला वाटलं, ती आनंदाने हसली आणि त्या वरच्या सुरावर गेली.

सूर लागला. मग तुटला. माइकमधून नुसता श्वास आला. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा श्वासच आला. बँड दोन मात्रा पुढे गेला आणि एकेक वाद्य थांबलं. लोकांना क्षणभर कळेना, मग त्यांना वाटलं की गाणं असंच संपतं, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. असल्या टाळ्या विद्याक्काने आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

मंचावर देवश्री गळ्यावर हात ठेवून उभी होती. ती आबांकडे बघत नव्हती, लोकांकडे बघत नव्हती. विद्याक्काकडे बघत होती. तिने दोन्ही हातांनी आपले कान धरले. चुकलं माझं बाई, माफ करा.

ग्रीनरूममध्ये कुणीतरी डॉक्टरला फोन लावत होतं. देवश्री खुर्चीत बसली होती, ओठाच्या कडेला रक्ताचा बारीकसा डाग होता. अरविंद काठी टेकत आत आला आणि नातीसमोर उभा राहिला. विद्याक्का त्याच्या मागोमाग.

"देवू," तो म्हणाला, "ह्या बाईंनी तुला…"

"सांग ना," विद्याक्का म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की त्याने सांगावं. कुणीतरी सांगायला हवं होतं.

देवश्रीने मान वर करून आबांकडे बघितलं. बाईंनी असं का केलं, हा तिचा पुढचा प्रश्न असणार होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर अरविंदला स्वतःचं सगळं सांगावं लागलं असतं. त्याचे ओठ दोनदा हलले. मग तो नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काही नाही. छान गायलीस हो." एकोणपन्नास वर्षांपूर्वी गप्प बसला होता, तसाच आताही बसला. विद्याक्काही गप्प बसली. आता ती दोघं एकाच गुन्ह्यातली होती.

देवश्रीने पर्समधून फोन काढला, त्यावर काहीतरी टाइप केलं आणि पडदा विद्याक्कासमोर धरला. 'सॉरी बाई. वरचा सूर नीट आवळला नाही मी. उद्या किती वाजता येऊ?'

विद्याक्काने ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर लोक अजून देवश्रीचं नाव घेऊन ओरडत होते.

"सात," ती म्हणाली.

त्या गलक्यात मुलीला ऐकू गेलं नाही. तिने कान पुढे केला, म्हणून विद्याक्काला ते पुन्हा सांगावं लागलं.